डॉक्टर बदलला की माणसं उठून जातात : कोणता भाग कुठं लावावा?

निळी_पेटी (चिमूर तालुका)

नमस्कार मंडळी. गावच्या वाचनालयात दर शनिवारी रात्री साडेआठला 'डॉक्टर हू' (काळात फिरणाऱ्या परग्रहवासी डॉक्टरची ब्रिटिश मालिका) लावणं सुरू आहे. २००५ च्या 'रोज' या भागापासून घेतलं. नववीपासून कॉलेजपर्यंतची पोरं, दोन गुरुजी, असे पंचवीस-तीस जण बसतात. सबटायटल इंग्रजी, त्यामुळं मधेमधे थांबवून मराठीत सांगावं लागते. क्रिस्टोफर एकलस्टनचे १३ भाग आता संपत आले. पुढं तो जाणार अन् डेव्हिड टेनंट येणार हे पोट्ट्यांनी मोबाइलवर पाहून घेतलं, आणि निम्मे जण आत्ताच म्हणून राहिले की हिरो बदलला तर आम्ही येत नाही.

तर विचारायचं असं : बदलाची रात्र एका दमात लावायची की दोन शनिवारांत तोडायची? पुढं कोणकोणत्या बदलाला प्रेक्षक तुटते, आणि का? १९६३ पासूनचं जुनं काही दाखवायचं का? आणि 'रिजनरेशन'ला, म्हणजे मरायला टेकलेला डॉक्टर शरीर अन् चेहरा बदलून उठतो त्याला, मराठीत म्हणायचं काय? 'पुनर्जन्म' सांगितलं तर एका पोरानं विचारलं, मग त्याचं लहानपण कुठं गेलं?

चौथा_मफलर

शेवटचा प्रश्न आधी, कारण शब्द चुकला की सगळंच फिसकटतं. पुनर्जन्म नाही, त्या पोराचा मुद्दा बरोबर आहे. अवतारही नाही. रामाला मत्स्यावताराची देणी फेडावी लागत नाहीत, डॉक्टरला मात्र पहिल्या चेहऱ्यानं करून ठेवलेल्या गोष्टी बाराव्या चेहऱ्यानं निस्तराव्या लागतात. परकायाप्रवेशात शरीर दुसऱ्याचं असतं, इथं स्वतःचंच. 'कात टाकली' म्हणा. गावात एका वाक्यात कळेल.

ही युक्ती निघाली ती अडचणीतून. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल आजारी होता, धमन्या कठीण होण्याचा त्रास होता, संवाद लक्षात राहीनात. मालिका चालली होती, बंद करायची नव्हती. २९ ऑक्टोबर १९६६ ला 'द टेन्थ प्लॅनेट'च्या चौथ्या भागात तो टार्डिसमध्ये (काळात फिरणारं त्याचं यान, बाहेरून निळी पेटी) कोसळला आणि उठला तो पॅट्रिक ट्राउटन. तेव्हा याला 'रिजनरेशन' हे नावही नव्हतं. तो शब्द पहिल्यांदा आला १९७४ च्या 'प्लॅनेट ऑफ द स्पायडर्स'मध्ये. बारा वेळाच बदलता येईल ही मर्यादा १९७६ च्या 'द डेडली असॅसिन'मधली. म्हणजे आज चाहते ज्याला अटळ नियम मानतात, ते गरजेप्रमाणे एकेक जोडत नेलेले आहेत.

१९६६ ला त्यांनी जे केलं तेच तुम्ही करा. ट्राउटनच्या पहिल्या कथेत बेन आणि पॉली हे जुने सोबती तसेच ठेवले आणि समोर जुने शत्रू डालेक आणले. बेनला संशय, पॉलीचा विश्वास. म्हणजे बसलेल्या प्रेक्षकांची दोन्ही मतं पडद्यावर हजर. आणि डालेकनं नव्या माणसाला डॉक्टर म्हणून ओळखलं की वाद मिटला. चेहरा बदलायचा तेव्हा बाकी घर जागेवर ठेवायचं.

एकलस्टन ते टेनंट हे याच पद्धतीनं बांधलं आहे. एका रात्रीत तीन गोष्टी लावा, तोडू नका :

'द पार्टिंग ऑफ द वेज', ४५ मिनिटं. शेवटी टेनंट जेमतेम काही सेकंद दिसतो, नव्या दातांबद्दल बोलतो. इथं दिवा लावून लोकांना घरी पाठवलं तर आठवडाभर ते त्या अनोळखी चेहऱ्यावरच चिडत बसतील.

लगेच २००५ चा 'चिल्ड्रन इन नीड' या मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी केलेला छोटा प्रसंग, साधारण सात मिनिटांचा. बरेच जण हा गाळतात आणि तिथंच चुकतात. सोबतीण रोज त्याला सरळ म्हणते, परत पहिल्यासारखा हो. तुमच्या पोरांच्या मनातलं तीच बोलते. मग तो पहिल्या भेटीत तिचा हात धरून उच्चारलेला शब्द सांगतो : पळ. 'रोज' भागातला तो तळघरातला प्रसंग त्या रात्री सुरुवातीला पुन्हा दाखवून ठेवा, म्हणजे खूण पटेल.

मग 'द ख्रिसमस इन्व्हेजन', एक तास. नवा डॉक्टर बहुतांश वेळ अंथरुणात पडून असतो. रोज, तिची आई जॅकी आणि तिचा मित्र मिकी हेच गोष्ट ओढतात. प्रेक्षकाला टेनंट आवडतो की नाही हा प्रश्नच येत नाही. त्याला फक्त डॉक्टर उठायला हवा असतो. शेवटी तो उठतो थर्मासमधून सांडलेल्या चहाच्या वाफेनं. यावर वेगळं भाषांतर लागणार नाही.

एकूण दोन तासांच्या आत बसतं. तलवारबाजीत त्याचा हात तुटतो आणि लगेच नवा उगवतो, तिथं मात्र थांबवून सांगा : कात टाकल्यावर पहिल्या १५ तासांतच हे जमतं. नाहीतर पुढच्या प्रत्येक भागात पोरं विचारतील, हात उगवतो तर हा घाबरतो कशाला.

कपाशीतला_डालेक

मफलर भाऊ, हे 'बाकी घर जागेवर ठेवा'वालं गणित 'द इलेव्हन्थ अवर'ले काऊन लागू होत नाही मंग? ३ एप्रिल २०१० ले डॉक्टर नवा, सोबतीण नवी, लेखक-निर्माता नवा, टार्डिस आतून नवी, सोनिक (डॉक्टरचं पेचकसासारखं अवजार) नवं. जुनं काहीच नाही ठेवलं. अन् मॅट स्मिथ निवडला तेव्हा २६ वर्षांचा, सगळ्यायत लहान. तरी लोकायनं पहिल्याच भागात त्याले घरचा मानला.

चौथा_मफलर

बरोबर पकडलंत. पण तिथं वस्तू बदलल्या तरी पहिली पंचावन्न-साठ मिनिटं तो टेनंटच्या फाटक्या शर्ट-टायमध्येच फिरतो. नवे कपडे अगदी शेवटी, आणि ते घालताना मागच्या दहाही चेहऱ्यांची रांग दिसते. तिच्यातून चालत तो पुढं येतो. त्याआधी टार्डिस नाही, सोनिक जळालेलं, वीस मिनिटांत जग वाचवायचं आणि हाताशी एक खेडं. हत्यारं काढून घेतली की माणूस उघडा पडतो. शिवाय पुढं सोबतीण होणाऱ्या सात वर्षांच्या अमेलियाला पाच मिनिटांत येतो म्हणाला आणि बारा वर्षांनी आला. प्रेक्षकही वाट पाहत होता, तीही; दोघांचा राग एकच.

तिथं तुटण्याचा धोका वेगळाच आहे, तो आदल्या भागात. 'द एंड ऑफ टाइम'मध्ये टेनंटचा डॉक्टर बदलाला चक्क मरण समजतो, जुन्या सगळ्या माणसांना भेटत फिरतो आणि जायचं नाही म्हणून रडवेला होतो. भाग म्हणून उत्तम. पण येणाऱ्याच्या वाटेत काटे पेरून जातो. म्हणून भाग एक (एक तास) एका शनिवारी, आणि भाग दोन (सव्वा तास) अधिक 'द इलेव्हन्थ अवर' (६५ मिनिटं) पुढच्या शनिवारी. दोन तास वीस मिनिटं होतात. झाडीपट्टीत पहाटेपर्यंत नाटक पाहणाऱ्या मुलखात हे काही जास्त नाही.

दंडारवाली

'कात टाकली' या शब्दावर माझी थोडी हरकत. नागानं कात टाकली तरी फणा तोच, चाल तीच. इथं स्वभाव पालटतो. दुसरा ट्राउटन विदूषकी, तिसरा पर्टवी ऐटबाज, चौथा टॉम बेकर तऱ्हेवाईक, पाचवा डेव्हिसन मवाळ. वडसा-ब्रह्मपुरीकडच्या माणसाला समजवायचं तर सरळ नाटकाचं उदाहरण घ्या. भूमिका तीच, नट दुसरा, हे मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, हंगामात सगळेच पाहतात. नाटकवाले तो बदल पडद्यामागं करतात. या मालिकेनं तो पडद्यासमोर आणून कथेचाच भाग केला. एवढंच नवं.

आणि त्यातूनच प्रेक्षकाची सवय ओळखावी. फलकावर ज्याचं नाव वाचून माणूस आला तो नट नसला की पहिला अंक तो हात बांधून बसतो. त्या पहिल्या अंकात नव्या नटाला काम काय दिलं यावर सगळं ठरतं. सहाव्या डॉक्टरचं वाटोळं तिथंच झालं. कॉलिन बेकर वाईट नट नव्हता. पण मार्च १९८४ मध्ये आधी लागली 'द केव्ह्ज ऑफ अँड्रोझनी', जिच्यात पाचवा डॉक्टर पेरी नावाच्या सोबतिणीला वाचवण्यासाठी जीव देतो. लगेच पुढच्या कथेत, 'द ट्विन डिलेमा'मध्ये, नवा डॉक्टर त्याच पेरीचा गळा दाबतो. हेतू असा की आधी नकोसा वाटावा आणि हळूहळू उलगडावा. पण ती त्या हंगामाची शेवटची कथा होती! पुढचा भाग थेट जानेवारी १९८५ ला. नऊ-दहा महिने लोकांच्या डोळ्यांसमोर गळा दाबणारा माणूस आणि तो गोधडीसारखा रंगीबेरंगी कोट. उलगडणार कधी? मग मालिकाच दीड वर्ष थांबवली, १९८६ ला फक्त १४ भाग, आणि त्याला काढून टाकलं. निरोपाचा प्रसंग करायला तो आला नाही, म्हणून १९८७ ला सिल्व्हेस्टर मॅकॉयनंच कुरळा टोप घालून जमिनीवर पडायचं काम उरकलं. नंतर बिग फिनिश या कंपनीच्या श्राव्य नाटकांत याच कॉलिन बेकरला धड लेखन मिळालं तेव्हा नाकं मुरडणारेच वाहवा करू लागले.

याच्या उलट डेव्हिसनचं. त्याची पहिली दिसणारी कथा 'कॅस्ट्रोव्हाल्व्हा', पण चित्रण आधी 'फोर टू डूम्सडे'चं केलं, म्हणजे लोकांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याचा हात बसलेला होता. तालीम झालेला नट आणि गडबडीत उभा केलेला नट यांतला फरक आपल्याकडच्या प्रेक्षकाला सांगायला नको.

शंकरपट_६३

सगळं मान्य, पण स्पष्ट बोला ना : २०१८ ला बाई डॉक्टर केली अन् मालिका बसली. प्रेक्षक तिथंच तुटला. निळी पेटी, तुम्ही तो हंगाम गाळूनच टाका.

दंडारवाली

दादा, दंडारीच्या लोकनाट्यात बाईचं काम पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनी केलं, कोणी उठून गेलं नाही. मग उलट झालं की एवढं काय बिघडते?

आणि हिशेबही तुमच्या बाजूचा नाही. जोडी व्हिटेकरचा पहिला भाग ७ ऑक्टोबर २०१८ ला लागला, तो ब्रिटनमध्ये १ कोटीहून जास्त लोकांनी पाहिला. म्हणजे लोक पाहायला आले होते. गेले ते नंतर, आणि कारणं पडद्यावर दिसतात. टार्डिसमध्ये एकदम तीन सोबती : ग्रॅहम, रायन, यास. पन्नास मिनिटांच्या भागात चौघांना संवाद वाटायचे तर डॉक्टरच्या वाट्याला माहिती सांगण्यापलीकडं उरत नाही. जुना शत्रू त्या दहाही भागांत नाही, डालेक आला तो १ जानेवारी २०१९ ला. टार्डिस दिसते दुसऱ्या भागाच्या शेवटी. संगीतकार नवा, वारही शनिवारचा रविवार केला. मफलर म्हणतात ते 'घर' एका दिवसात पाडलं आणि नाव आलं सुनेवर.

बाईचा पाया तर आधीच रचला होता. २०११ च्या 'द डॉक्टर्स वाइफ'मध्ये कॉर्सेअर नावाचा टाइम लॉर्ड, म्हणजे डॉक्टरच्याच जमातीतला, कधी बाई असायचा असा उल्लेख येतो. २०१४ ला डॉक्टरचा जुना वैरी मास्टर 'मिसी' होऊन आला, मिशेल गोमेझनं ते काम असं केलं की आता अनेकांना तीच सगळ्यांत आवडते. २०१५ च्या 'हेल बेंट'मध्ये एक गोरा सेनापती डोळ्यांदेखत काळी बाई होतो. हे तीन तुकडे आधी दाखवा, मग व्हिटेकर लावा. पहिल्या भागात ती शेफील्डचे पोलादी चमचे वितळवून सोनिक बनवते; आपल्याकडच्या वर्कशॉपमधल्या पोरांना तो प्रसंग आवडणारच. आणि 'डेमन्स ऑफ द पंजाब' गाळू नका. १९४७ ची फाळणी, एका घरात पडलेली फूट; गुरुजींना बोलवा त्या दिवशी.

शंकरपट_६३

गर्दीचा मुद्दा पटला. चमच्यांचा राहू द्या, लोहाराचं काम असं होत नसते.

रोमाना_तिसरी

डॉक्टर सोडून बाकी पात्रांचे बदल सांगते, कारण त्यात जास्त गंमत आहे. मास्टरचं काम रॉजर डेल्गाडो १९७१ पासून करायचा, १९७३ ला तुर्कस्तानात मोटार अपघातात गेला. त्याच्यासाठी निरोपाची कथाही लिहिता आली नाही, आणि पुढचा दाढीवाला मास्टर अँथनी एनली १९८१ ला आला. बोरुसा नावाचा एक पुढारी चार कथांत चार नटांनी केला आणि कोणी बोट उचललं नाही, कारण तो दर वेळी खडूस मास्तरासारखाच बोलतो. बोलण्याची ढब धरून ठेवली की चेहरा लोक विसरतात. के-नाइन या यांत्रिक कुत्र्याचा आवाज एका हंगामापुरता बदलला तो मात्र लगेच खटकतो!

१९७९ ला रोमाना ही टाइम लॉर्ड सोबतीण बदलली ती तर हौसेनं. दुकानात साड्या उलगडून पाहाव्या तशी चार शरीरं अंगावर घालून पाहते आणि आदल्या कथेतल्या राजकन्येचा चेहरा उचलते. तो लाला वॉर्डचाच होता, कारण राजकन्या तिनंच केली होती. बारावा डॉक्टर झालेल्या कॅपाल्डीचंही तसंच : २००८ च्या 'द फायर्स ऑफ पॉम्पेई'मध्ये तो संगमरवराचा व्यापारी आहे. तो भाग दाखवताना चेहरा लक्षात ठेवा म्हणून सांगून ठेवा. २०१५ ला त्याचा उलगडा होतो.

जुन्यातलं काय लावावं? ट्राउटनची पहिली कथा 'द पॉवर ऑफ द डालेक्स' पूर्ण हरवलेली आहे, मिळते ती ध्वनिमुद्रणावर केलेली चित्रमालिका. नव्या प्रेक्षकाला नको. 'स्पिअरहेड फ्रॉम स्पेस' (१९७०) लावा. पर्टवीची पहिली कथा, २५ मिनिटांचे चार भाग, रंगीत. स्टुडिओत संप असल्यामुळं ती सगळी फिल्मवर चित्रित झाली, म्हणून आजही प्रोजेक्टरवर स्वच्छ दिसते. आणि तिच्यातले दुकानातून चालत निघणारे प्लास्टिकचे पुतळे तुमच्या पोरांनी 'रोज'मध्ये पाहिलेच आहेत. शत्रू ओळखीचा, डॉक्टर अनोळखी. अगदी पहिला भाग दाखवायचा असेल तर २३ नोव्हेंबर १९६३ चा 'ॲन अनअर्थली चाइल्ड' एकटाच, २५ मिनिटं. त्याचा दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौत जन्मलेला, हे आधी सांगितलं की मागची रांग पुढं सरकते.

कपाशीतला_डालेक

कॅपाल्डीवाला बदल कोणी नाही सांगितला. स्मिथ पाहून आलेल्या पोट्ट्यायले पंचावन्न वर्षांचा डॉक्टर म्हणजे आजोबा. हार्टनेलबी सुरुवातीले तेवढाच होता म्हणा. पण 'डीप ब्रेथ'मंधी स्मिथचा फोन येते सोबतीण क्लाराले, याले सांभाळ म्हणून. तो फोन येईस्तोवर कोणाले उठू देऊ नका. शेवटच्या दहा मिनिटांत हाय तो, अन् भाग सव्वा तासाच्या वर जाते. मधात चहा ठेवा.

निळी_पेटी (चिमूर तालुका)

लय कामाचं सांगितलं सगळ्यांनी. आणखी एकच. २०२३ ला टेनंट परत आला, मग एन्कुटी गाट्वा आला, पण टेनंट गेलाच नाही असं पोरं म्हणून राहिले. ते कसं लावायचं?

चौथा_मफलर

९ डिसेंबर २०२३ चा 'द गिगल'. तिथं कात टाकायच्या ऐवजी एकाचे दोन होतात. लेखकाला वाटलं सगळे खूश. माझ्या मते गाट्वावर अन्याय झाला : आधीचा लोकप्रिय माणूस डोना या जुन्या सोबतिणीच्या अंगणात पंगतीला बसलेला दाखवला, की नव्याच्या प्रत्येक भागात प्रेक्षक म्हणणार, खरा तर तिकडं जेवून राहिला. त्यात २०२४ च्या हंगामात भागच आठ, आणि गाट्वाचं दुसऱ्या मालिकेचं चित्रण सुरू असल्यामुळं चौथ्या आणि पाचव्या भागात तो फार थोडा दिसतो. टेनंटला वर्षाला १३ भाग आणि नाताळचा वेगळा मिळत होता. रोप लावलं आणि पहिल्याच महिन्यात दोन पाळ्या पाणी चुकवलं, असं झालं ते. तुम्ही 'द गिगल'नंतर 'द चर्च ऑन रुबी रोड' लगेच घ्या, आणि चौथा भाग '७३ यार्ड्स' सहाव्या 'रोग'च्या नंतर ढकला. कथेला धक्का लागत नाही, आणि सलग दोन शनिवार डॉक्टरविना जात नाहीत.

पण हे तुमच्याकडं यायला अजून तीनेक वर्षं आहेत. त्याआधी टेनंटच्याच काळात 'द स्टोलन अर्थ' येईल. शेवटी त्याला डालेकची गोळी लागते, हातातून सोनेरी उजेड निघायला लागतो, आणि भाग संपतो. बाकी सगळीकडं मी जोडून लावा म्हटलं, इथं तोडा. ब्रिटनमध्येही २८ जून ते ५ जुलै २००८ असा पूर्ण आठवडा लोक ताटकळले होते. हिरो बदलला तर येणार नाही म्हणणारी तीच पोरं बुधवारी किल्ली मागायला येतील. पेन ड्राइव्ह घरी नेऊन ठेवा.